दोन गाठींची माळ

४ फेब्रुवारी

ताईने आज सबंध माळ चुकवली.

एक निळा, एक हिरवा, परत निळा, परत हिरवा — इतकं साधं. लहान पोरही ओवेल. आणि हिने मधला वीतभर भाग निळाच निळा ओवून ठेवलाय! मी हूक लावायला माळ हातात घेतली तेव्हा दिसलं. आधी वाटलं, उजेड कमी असेल. खिडकीशी नेऊन पाहिली. निळाच.

ताई समोरच बसली होती, पुढची माळ ओवत, गुणगुणत. दुपारी ती आडवी झाल्यावर दोरा कापला, मणी बशीत सोडले, एकेक उचलून खिडकीकडे धरून निवडला आणि माळ पहिल्यापासून ओवली. मान अवघडली. पण तिला कळू दिलं नाही.

ताई सत्तरीला आली. कधी तरी हे व्हायचंच होतं. पण इतक्यात?

६ फेब्रुवारी

आज आणखी दोन. तशाच.

७ फेब्रुवारी

भाच्याचा फोन. दर आठवड्याचं तेच पालुपद — "आई, तू इकडे ये. खालची खोली रिकामी पडलीय, जिने चढायला नकोत." ताईचं उत्तरही ठरलेलं — "हात चालतायत, डोळे चालतायत, तोवर मी इथेच. ते थांबले की ये न्यायला."

डोळे चालतायत म्हणे! मी कप विसळायचं निमित्त करून आत गेले. नळ सोडून उभी राहिले नुसती.

हे भाच्याला कळलं तर दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील तो. वाईट नाही पोरगा. आईवर जीव आहे त्याचा, म्हणूनच तर भीती. ताई गेली की या दोन खोल्यांत मी एकटी. काय करू, भिंतींशी बोलू?

बटणांचं दुकान बंद पडलं आणि माझी नोकरी गेली, तेव्हा मी अंथरुणातून उठतच नव्हते. ताई तेव्हा नुकती माझ्याकडे राहायला आली होती. स्वतःचा नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं तिला. एक दिवस मण्यांची पिशवी आणली आणि माझ्या मांडीवर टाकली. "रडायचं तर रड. पण हात चालू ठेव." मी चिडले. मग रडत रडत ओवली एक माळ. इतकी वाकडीतिकडी झाली की दोघी हसत सुटलो.

तेव्हापासून खिडकीजवळचं टेबल आणि दोन खुर्च्या. ती ओवते, गाठ मारते. मी हूक लावते, तार वळवून कानातली करते. दुकानवाली सगळं नेते. एवढंच आमचं. पण आहे ते आमचं आहे.

नाही. कुणाला कळता कामा नये.

१० फेब्रुवारी

दुकानवाली स्वतः जिने चढून आली — धापा टाकत. कुठल्याशा गाणाऱ्या मुलींच्या गटाला माळा हव्यात. निळ्या-हिरव्या, मध्ये एक जांभळा मणी. "सगळ्या अगदी एकसारख्या हं! रांगेत उभ्या राहणार मुली. एकीची वेगळी दिसली तर लगेच नजरेत येईल."

ताई म्हणाली, "अहो, डोळे मिटून करू."

दुकानवाली हसली. ताईपण हसली. मीही हसले, काय करणार!

१३ फेब्रुवारी

आता रोजचंच झालंय. सकाळी ताई ओवते. दुपारी ती झोपली की मी सोडते आणि परत ओवते. तिच्या घोरण्याकडे एक कान ठेवून. आपल्याच घरात चोरासारखी!

एक मोठी पंचाईत आहे. गाठ. ताईची गाठ म्हणजे ताईची गाठ — दोनदा मारायची आणि उरलेलं शेपूट परत मण्यांतून आत घालून लपवायचं. बघणाऱ्याला वाटेल माळेला टोकच नाही. मला ती कधी जमली नाही. मी एकदाच मारते आणि वर गोंदाचा थेंब. वाळला की बोटाला खडबडीत लागतो. ताई त्यावरून मला किती वर्षं चिडवते — "धाकटे, तुझी माळ मी अंधारातसुद्धा ओळखीन."

तिने एखादी उघडून पाहिली तर पकडलीच जाईन. म्हणून गोंद वाळला की लगेच पातळ कागदात गुंडाळते आणि खोक्यात ठेवून देते. वर झाकण. झाकणावर कात्री.

१५ फेब्रुवारी

मण्यांचा व्यापारी लुच्चा झालाय. पूर्वी त्याचे मणी कसे लखलखायचे! आता सगळा माल धुरकट, जुन्या काचेसारखा. पांढरे मागवले तर पिवळट आले. ताईला म्हटलं, याला एकदा चांगलं झापायला हवं. ताई म्हणाली, "जाऊ दे ना. चांगले आहेत."

चांगले आहेत! तिला कुठलं दिसायला! जीभ चावली आणि तार वळायला घेतली.

टेबलावरचा दिवासुद्धा बदलला पाहिजे. पिवळट उजेड पडतो. आणि घरमालकाला सांगून भिंतींना रंग. सगळं घर मळल्यासारखं दिसतंय. कंटाळा आलाय मला.

१८ फेब्रुवारी

मान, पाठ, बोटं — सगळं ठणकतंय. एक माळ दोनदा करायची म्हणजे काय गंमत आहे? तिने चुकायचं आणि मी निस्तरायचं. आज तिच्यावर उगाचच खेकसले, दुधावरून. मग वाईट वाटलं. तिला काय माहीत बिचारीला.

२१ फेब्रुवारी

ताईने आज मणी ठेवायच्या वाट्या बदलल्या. इतके दिवस तीन सारख्या वाट्या होत्या. आता निळे त्या पोचा आलेल्या जुन्या वाटीत, हिरवे डब्याच्या झाकणात, जांभळे साबणाच्या डबीत! टेबलावर जुना बाजार मांडल्यासारखं दिसतंय.

"हे काय नवीन?" विचारलं.

"असू दे. हाताला कळतं."

हाताला कळतं! म्हणजे डोळ्यांना कळत नाही हे तिलाही ठाऊक आहे तर. चाचपून ओळखायची वेळ आली माझ्या ताईवर. मला रडूच आलं. कांदा चिरायला घेतला, म्हणजे बरं.

संध्याकाळी तिने टेबलाखाली पडलेला एक मणी उचलला, माझ्यापुढे धरला. "हा कुठला गं?"

"निळा. आणि कुठला!"

तिने तो हिरव्यांच्या झाकणात टाकून दिला. माझ्यादेखत! मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ती स्वैपाकाला उठल्यावर काढून निळ्यांत ठेवला.

२४ फेब्रुवारी

खोकं दुकानात पोचवून आले. सुटले!

दुकानवालीने तिथेच उघडून एकेक माळ काचेवर मांडली. माझा जीव टांगणीला. सगळ्या पाहून झाल्यावर म्हणाली, "बाई गं, जणू यंत्रातून काढल्यात! एकीत खोट नाही. तुमच्या ताईंना सांगा."

ताईंना सांगा! मी नुसती मान हलवली. श्रेय तिचं तर तिचं. मला ताई हवी, श्रेय काय करायचंय? एक माळ तिने दुकानात टांगून ठेवली, दर्शनी भागात. आणखी एका गटासाठी तशाच माळा मागितल्यात.

घरी येऊन ताईला सांगितलं. ती खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली अशी.

२६ फेब्रुवारी

"धाकटे, चल, डोळे दाखवून येऊ. दोघीही जाऊ." ताईने आज चहा पिता पिता काढलं.

मी घाबरले. डॉक्टर तपासणार, चिठ्ठी देणार, भाच्याला कळणार. म्हटलं, "मला काय धाड भरलीय? आणि तुला जायचं तर तू जा, मला कशाला ओढतेस?"

"बरं बाई. नाकावर राग नुसता."

दोनदा-तीनदा तोच विषय. मी दर वेळी उडवून लावला.

१ मार्च

आज नको ते झालं.

ताई ओवत होती. मी तिच्या हाताकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती निळ्यामागून निळा, निळ्यामागून निळा घेत होती. शांतपणे. मला ते बघवेना. तीन-साडेतीन आठवडे गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "अगं, हिरवा घे ना! हिरवा!"

"हिरवाच घेतलाय."

"हा हिरवा? हा? ताई, तुला दिसत नाही! महिना होत आला, तुला काही दिसत नाही! मी रोज तुझ्या माळा सोडून परत ओवते, कळतंय का तुला?"

मला वाटलं ती दचकेल. नाही दचकली. सुई टेबलावर ठेवली. "माहितेय मला," एवढंच म्हणाली. मग वाटीतले मणी सारखे करत — "रंगांचं राहू दे गं तुझ्या. तू आपले हूक लाव."

रंगांचं राहू दे! मला! बटणांच्या दुकानात उभा जन्म काढला मी. गिऱ्हाइकाच्या कोटाचा नुसता धागा बघून जुळतं बटण काढून द्यायचे. डोकंच फिरलं. उठले, फोन घेतला आणि तिच्यासमोर भाच्याला लावला. म्हटलं, तुझ्या आईला दिसत नाही. येऊन घेऊन जा.

"मावशी, कधीपासून? आणि मला आत्ता सांगतेस?" असं काहीतरी म्हणाला तो. पुढचं मी ऐकलंच नाही. ज्यासाठी इतके दिवस धडपडले ते एका मिनिटात माझ्याच हाताने मोडून टाकलं.

ताईने सुई परत उचलली होती. ओवत होती.

२ मार्च

फोन करून सांगावं का, येऊ नकोस म्हणून? फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

५ मार्च

घरात दोघीच आणि कुणी कुणाशी बोलत नाही. म्हणजे ताई बोलते, मी "हं" करते. तिने रागवावं, भांडावं, "कशाला फोन केलास मेले" म्हणावं. तर नाही. उलट दुपारचं झोपणं सोडून टेबलाशी बसलीय. नवीन माळा करतेय म्हणावं तर तेही नाही. मण्यांच्या पिशव्या खाली काढल्यात आणि प्रत्येकीच्या नाडीला गाठी मारतेय. हळूहळू, घट्ट. वर मला हाक मारून दाखवते — "हे बघ, नाडीवर हात फिरवून बघ."

"जाणाऱ्या माणसाला कशाला ही उठाठेव?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिचे हात थांबले. परत चालू झाले. काय वाईट जीभ आहे माझी!

८ मार्च

ताई गेली.

भाचा सकाळी आला. ताईच्या पाया पडला, माझ्या पडला, चहा घेतला. मग तिच्या शेजारी बसून लहान मुलाला विचारावं तसं विचारलं — "आई, खरंच दिसत नाही तुला?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागले.

"नाही रे दिसत हल्ली," ताई म्हणाली.

शेवटी कबूल केलं तर. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. कुठलं काय!

दारात ताई म्हणाली, "तूही चल की. चार दिवस राहा. तिकडे चांगला डॉक्टर आहे." मी म्हटलं, "माळा द्यायच्यात." भाचा बॅग घेऊन उतरला. ताईने माझे दोन्ही हात हातात घेतले, बोटं चाचपली, जशी दोऱ्याची जाडी बघते तशी. "हात चालू ठेव," म्हणाली. आणि कठडा धरून एकेक पायरी उतरली. किती नीट उतरली! कुठे अडखळली नाही. मी वरून बघत होते.

९ मार्च

दोन कप चहा केला. एक ओतून दिला.

१३ मार्च

माळा करतेय. एकटीने. ओवायचं मी, गाठ मी, हूक मी.

पिशव्यांतले मणी सकाळी वाट्यांत काढते, संध्याकाळी उरलेले परत पिशव्यांत ओतते. ताईची साबणाची डबी, ते झाकण, सगळं काढून ठेवलं. तीन सारख्या वाट्या मांडल्या पूर्वीसारख्या. टेबल कसं नीट दिसतंय.

एक बरं आहे. सोडून परत ओवायचं काम नाही. तरी वेळ दुप्पट लागतो. नवा दिवा आणला, तोही पिवळाच. समोरची खुर्ची भिंतीला लावून ठेवली. थोड्या वेळाने परत टेबलाशी आणली.

ताईचा फोन येतो रोज. "काय करतेस?" — "माळा." — "जमतंय?" — "न जमायला काय झालं?" — "नाही, विचारलं आपलं." मग तिच्याकडचा पंखा ऐकू येतो. आपरेशन कधी करणार डोळ्यांचं, विचारलं तर म्हणते, "बघू. घाई काय आहे."

१६ मार्च

सगळ्या झाल्या. गुंडाळल्या. उद्या-परवा देऊन येईन. कुणाला दाखवाव्यात असं वाटलं. कुणीच नाही.

१९ मार्च

अक्षर कसं येतंय ते बघवत नाही, तरी लिहिते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल खोकं दुकानात ठेवून आले होते. दुकानवाली घाईत होती, उघडलं नाही. आज तिचा निरोप, या म्हणून. गेले. तिने सगळ्या माळा काचेवर पसरल्या. मग म्हणाली, "ताई आजारी आहेत का?"

"मुलाकडे गेलीय. का?"

"नाही… रंग सगळे एकात एक झालेत हो. इथे चार हिरवे सलग. इथे निळे. ही तर अर्धी जांभळी. तुमच्या घरून असं कधी आलं नाही."

मी पाहिलं. माळ नाकाशी नेऊन पाहिलं. मला काही चूक दिसेना! म्हटलं, तुमच्या दुकानात उजेड कमी आहे. तिने मला हाताला धरून दाराबाहेर नेलं, उन्हात. तिथेही दिसेना. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. रागावली असती तर भांडले तरी असते.

आत आल्यावर तिने दर्शनी भागातली ती जुनी माळ काढली. गेल्या महिन्याची. "ही बघा, अशी हवी."

ही माळ? ही तर मीच केलेली. त्या सगळ्याच मी केलेल्या. ताईच्या चुका सोडून, माझ्या हाताने परत ओवून, एक गाठ, वर गोंद. मी टोक चाचपलं. गोंद लागेना. परत चाचपलं. गाठीच्या जागी गुळगुळीत. नखाने उकरून पाहिलं तेव्हा आत लागल्या — दोन गाठी. शेपूट मण्यांतून आत घातलेलं.

"बाकीच्या? त्या मुलींच्या?" मी विचारलं.

"त्या सगळ्या अशाच. एकीचीही तक्रार आली नाही."

म्हणजे मी सोडत होते, आणि माझं सोडलेलं ताई परत सोडत होती. मी सकाळी दुधाला, बाजारात जायचे तेव्हा. कात्री उचलून, झाकण काढून, कागद उलगडून. माझा गोंदाचा थेंब काढून टाकून तिची गाठ. आणि परत गुंडाळून, वर कात्री जशीच्या तशी. मग दुपारी झोप लागायची तिला, लागणारच की! आणि मी म्हणत होते, बिचारी म्हातारी झाली.

"माहितेय मला," म्हणाली होती ती त्या दिवशी. आणि मुलाला मात्र "नाही रे दिसत हल्ली." माझ्याकडे बघून. माझं नाव पुढे येऊ नये म्हणून स्वतःला आंधळी म्हणवून घेतलं आणि निघून गेली. मी थांबवलंसुद्धा नाही.

घरी येऊन दोन वाट्या खिडकीत ठेवल्या आणि कितीतरी वेळ बघत बसले. मग झाकली खिडकी.

२० मार्च

ताईला फोन केला. कसंबसं विचारलं, "ताई, निळे कुठल्या पिशवीत?"

"एक गाठ ती निळी. दोन गाठी हिरवी. तीन जांभळी. नाडीवर हात फिरव." झटक्यात म्हणाली, जशी फोनशेजारीच बसून होती. मग थांबली. "कधी कळलं तुला?"

"काल."

तिकडे पंखा फिरत होता.

"बरं झालं बाई," ताई म्हणाली. "मी बॅग सोडलीच नाहीये अजून."